वाळवणातली टाकी

मिऱ्या गावात भागोजीला लोक चेहऱ्यापेक्षा पट्ट्यावरून जास्त ओळखायचे. एखादा मचवा बंदराकडे येताना दिसला, अजून त्याच्यावरचे नावही वाचता येत नसले, तरी किनाऱ्यावरचा कुणीतरी डोळ्यांवर आडवा हात धरून सांगायचा, "भागोजीचा पट्टा हाय हा. म्हणजे आपल्यातलाच मचवा."

नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या टोकापर्यंत एकच पिवळा पट्टा. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही. गेरूत बुडवलेली दोरी दोन्ही टोकांना ताणून धरायची, मधे उचलून सोडायची, की फळ्यांवर तांबडी रेघ उमटे. त्या रेघेवरून भागोजी कुंचला चालवी. कुंचला खारीच्या शेपटीच्या केसांचा, त्याने स्वतः बांधलेला. कुंचला लाकडाला टेकला की भागोजी श्वास धरून ठेवी, आणि त्या वेळी कुणी त्याला हाक मारली तर बाजूला बसलेले म्हातारेच त्या माणसावर डोळे वटारीत.

हे काम त्याला बापाने शिकवले होते. रंग वाळला की त्यावर राळेचे रोगण, आणि रोगण वाळले की वरून मोरीचे तेल. मोरी म्हणजे शार्कमासा. तिच्या काळजाचे तेल एकदा लाकडाला चोळले, की समुद्राने वर्षभर कितीही थोबाडीत मारल्या तरी रंग हलत नाही, असा बापाचा अनुभव. तेलाला वास मात्र असा, की लग्नानंतर सावित्रीने नवऱ्याला पहिल्यांदा धीर करून जे सांगितले ते हेच, की जेवायला वाढते, पण पान दाराशी घेऊन बसा.

पुढे दिवस बदलले. रत्नागिरीहून संगमेश्वराकडे मोटारलॉऱ्या सुरू झाल्या आणि मचव्यांचा माल रस्त्याने जाऊ लागला. पावसाळ्यापूर्वी वर ओढून झावळ्यांनी झाकलेले मचवे नारळीपौर्णिमा आली तरी कुणी उघडेना. जे उघडत तेही म्हणत, यंदा रंग राहू दे, पुढच्या वर्षी बघू. भागोजी कुंचले धुऊन, खोबरेल लावून पुन्हा नळकांड्यात ठेवी. सावित्रीने काजू भाजून फोडायचे काम घरी आणले. तिच्या बोटांची टोके काळी पडली ती पडलीच.

त्या वर्षी मे महिन्यात सावित्रीचा धाकटा भाऊ काशीराम मुंबईहून आला. तो गोदीत बोटी रंगवणाऱ्या टोळीत होता. कडक कॉलरचा सदरा, खिशात कंगवा आणि तोंडात मुकादमाचे नाव. आल्या आल्या त्याने सांगून टाकले, "भावजी, मी शब्द टाकलाय. पावसाआधीच्या शेवटच्या आगबोटीनं तुम्ही माझ्याबरोबर यायचं. मुकादम म्हणाला, होड्या रंगवणारा माणूस हाय ना, मग आण."

"पट्टा वढायला देतात काय तिकडं?" भागोजीने विचारले.

"पट्टा कसला? दोराला फळी बांधायची, फळीवर बसायचं, गंज खरवडायचा आन् राखाडी रंग मारायचा. येवढी थोरली बोट, मारत सुटायचं."

दोराला टांगून घ्यायची भागोजीला भीती नव्हती. पण मारत सुटायचे, हे काही त्याला कळेना. शिवाय घरात दोघेच. तो गेला की पावसाळाभर सावित्री एकटी, आणि आगबोटी बंद, म्हणजे वाटले तरी परत येता येणार नाही. सावित्री काजू फोडत राहिली, फक्त नेहमीपेक्षा जोरात.

अशात एके सकाळी गल्लीत फटफट आवाज आला, कोंबड्या उडाल्या, आणि गंगारामशेट दारात येऊन थांबले. संगमेश्वरच्या रस्त्यावर धावणाऱ्या दोन लॉऱ्या त्यांच्याच. लॉरी निघण्याआधी ते स्वतः फटफटीवरून पुढे जात आणि गावोगाव ओरडून सांगत, की गाडी येते आहे, बोचकी घेऊन उभे राहा. पांढरेशुभ्र धोतर, वर कोट, डोळ्यांना चष्मा. फटफटी मुंबईतल्या एका विलायतेला परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतलेली. खाऱ्या हवेने तिच्या टाकीला ठिकठिकाणी नायट्यासारखा गंज चढला होता.

"भागोजी, होड्या रंगवतोस ना रे तू?"

"रंगवायचो, शेट. आता होड्या तुमच्या लॉऱ्यांनी बसवल्यानीत."

गंगारामशेट मोठ्याने हसले. "मग लॉऱ्याच रंगव की! दोन्ही रंगवायच्यात. पण आधी ही टाकी करून दाखव. लोक माझ्याकडं बघतात ते टाकीकडं बघून बघतात. ही टिकली, तर लॉऱ्या तुझ्या. आणि तिसरी घेतोय, ती पण."

सावित्रीचा बत्ता आत हवेतच थांबला. काशीरामने मेव्हण्याकडे पाहिले. भागोजीच्या तोंडावर उजेड पडला होता.

भागोजीने टाकीला मचव्यासारखेच वागवले. गंज खरवडला, शेंदराचा हात दिला, वर हिरवागार रंग, त्यावर राळेचे रोगण, आणि शेवटी, आठवणीने, मोरीचे तेल. टाकी उन्हात अशी चमकली की गंगारामशेटने तिच्यात तोंड पाहून टोपी सरळ केली.

"वास कसला रे येतो?"

"जाईल, शेट. वारा लागला की जातो."

वारा लागला, पण वास गेला नाही. मोटारस्टँडपर्यंत तीन मांजरे फटफटीच्या मागे पळत आली. स्टँडवर माणसे जमली. गंगारामशेटचा ड्रायव्हर बाळा पेट्रोलचा डबा घेऊन आला आणि मांजरांना हुसकावत टाकीत ओतू लागला. डब्याचे तोंड जरा मोठे, हातही जरा घाईचा. थोडे पेट्रोल बाहेर सांडले.

ते जिथून ओघळले तिथून हिरवा रंगही ओघळला.

शेट गाडीवर बसलेलेच होते. हिरवी धार टाकीवरून त्यांच्या मांडीवर, मांडीवरून धोतरावर आणि धोतरावरून थेट पायताणात गेली. बाळाने घाईघाईने फडक्याने पुसले, तर रोगण, रंग आणि खालचा शेंदूर सगळेच एकत्र होऊन आले. गर्दीतून कुणीतरी ओरडले, "शेट, मारुतीला शेंदूर चढवलात, आता शेवाळ पण?" स्टँडभर हशा पिकला.

बापाने शिकवले होते त्यात खोट नव्हती. बापाला समुद्र माहीत होता, पेट्रोल माहीत नव्हते. जी राळ खाऱ्या पाण्याला वर्षभर दाद देत नाही, ती पेट्रोलमध्ये गुळासारखी विरघळते. भागोजीला हे त्या क्षणी सगळ्या स्टँडच्या देखत कळले.

गंगारामशेट ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरे झाले असते. ते धोतर झटकत एवढेच म्हणाले, "टाकी सोडवून घेऊन जा. सगळा चिखल खरवड आणि नुसता पत्रा परत आणून दे. आगबोटीच्या दिवशी मी बंदरावर असेन, तिथं दे. तोवर मी बैलगाडीनं फिरतो."

लॉऱ्यांचे नाव त्यांनी काढले नाही.

घरी येऊन त्याने टाकी सोड्याच्या कढत पाण्याने आतून बाहेरून धुतली, पेट्रोलचा वास जाईपर्यंत पुनःपुन्हा धुतली, आणि परसात बसून खरवडायला घेतली. काशीराम पायरीवर बसून बघत होता.

"भावजी, खरवडायची सवय होतेय ती बरी. तिकडं हेच करायचंय."

"काशा, गप बस," सावित्री आतून म्हणाली.

ती काजू भाजत होती. लोखंडी कढई, तिच्यात बिया, आणि कढईवर धरलेले पत्र्याचे झाकण. भाजताना काजूच्या सालीतले तेल फडफडून बाहेर येते, अंगावर उडाले तर फोड येतात. म्हणून ती हातांना खोबरेल चोपडून बसे. भाजून झाल्यावर तिने कढई परसात आणून घासायला घेतली. राख लावली, काथ्याने घासले, मग वैतागून घासलेट ओतले.

"काय उपेग हाय काय?" ती स्वतःशीच बोलली. "वर्ष झालं घासतेय. घासलेटानं पण जात नाय मेलं."

भागोजीचा खरवडणारा हात थांबला.

"काय म्हणालीस?"

"हे काजूचं काळं. राखेनं जात नाय, घासलेटानं जात नाय. माझ्या बोटांसारखंच."

भागोजी उठला. त्याने कढई तिच्या हातातून घेतली आणि उन्हात फिरवली. कढईच्या बुडाशी काळाभोर, गुळगुळीत थर चढला होता. त्यात त्याला स्वतःचे नाक दिसत होते. वर्षभर ही कढई रोज डोळ्यांसमोर होती, आणि हिला कुणी रंग दिला म्हणून त्याने कधी विचारले नव्हते.

तो तसाच स्टँडवर गेला आणि बाळाकडून बाटलीत थोडे पेट्रोल मागून आणले. बाळा म्हणाला, "आता काय प्यायचं ठरवलंस काय?" बाटली घेऊन भागोजी घरात शिरला तशी सावित्री किंचाळली, "चुलीजवळ नको! घर जाळायचं हाय काय? बाहेर व्हा आधी!" मग दोघे परसाच्या टोकाला, पार माडाखाली गेले. भागोजीने पेट्रोलमध्ये चिंधी भिजवून कढईच्या बुडावर घासली. जोर लावून घासली. चिंधी वर धरली.

चिंधी होती तशीच होती.

पण कढईच्या कानाजवळ, जिथे जाळ पोहोचत नव्हता, तिथे घासल्यावर चिंधी तपकिरी झाली. तिथे तेल चिकटच राहिले होते. भागोजी दोन्ही जागा आळीपाळीने बोटाने चाचपत राहिला. ज्याला ऊब मिळाली ते तेल पक्के झाले, ज्याला नाही मिळाली ते कच्चे राहिले. एवढे त्याच्या ध्यानात आले.

"नुसता पत्रा मागितलानीत ना शेटनी?" काशीराम लांबून म्हणाला. "पुन्हा कशाला त्या भानगडीत?"

"नुसता पत्रा मागितलान, पण आगबोटीला वेळ हाय," भागोजी म्हणाला.

भोक पाडलेल्या मडक्यात त्याने काजूची टरफले भरली, खाली भांडे ठेवले आणि वरून शेणी पेटवल्या. भांड्यात काळपट तेल ठिबकले. होडीच्या रोगणात मुर्दाडशिंग, म्हणजे शिशाची पिवळी पूड, घालायचा त्याचा रिवाज होता, त्याने ते लवकर वाळते. तीच चिमूट इथेही टाकून त्याने तेल शिजवले, थोड्याशा तेलात दिव्याची काजळी खलली आणि कापडाच्या बोळ्याने टाकीवर पातळ हात फिरवला. हे सगळे करताना हाताला खोबरेल लावायचे सावित्रीने बजावले होते. तोंडाला लावायचे मात्र दोघांच्याही ध्यानात आले नाही. दुसऱ्या दिवशी भागोजीचे तोंड भोपळ्यासारखे सुजले आणि डोळ्यांच्या फटी राहिल्या.

काशीराम पोट धरून हसला. "भावजी, असं तोंड घेऊन आगबोटीवर चढलात तर देवी आल्यात म्हणून परत उतरवतील."

ऊब द्यायची, पण जाळ लावायचा नाही. टाकीचे सांधे कथलाने जोडलेले, जाळाने सुटले असते. मग उरले ऊन. गावाच्या वरच्या अंगाला सडा होता, नुसता काळा कातळ. मे महिन्यात दुपारी त्यावर अनवाणी पाय ठेवला तर माणूस नाचत परत येई. गावातल्या बायकांचे सगळे वाळवण तिथे पडायचे: आमसुले, फणसपोळी, पापड, सांडगे. भागोजीने कातळ धुऊन घेतला, त्याच्या भेगांत चार काठ्या रोवून त्यांवर जुनी मच्छरदाणी ताणली आणि आत टाकी ठेवली.

शेजारची जनी आमसुले राखायला बसली होती. तिने आधी टाकी पाहिली, मग भागोजीचे तोंड पाहिले, आणि पदर तोंडाला लावला.

"काय गो सावित्रे, यंदा टाकी पण वाळवणात? तळून खायची की भाजून?"

"तुझ्या आमसुलांना काय खाते काय ती?"

"खाईल बाय! पेट्रोल पिणारी ती, आमसुलं काय सोडते? आन् मच्छरदाणी कशाला? मोटारीला पण डास चावतात?"

"धूळ बसू नये म्हणून गो. तू कावळे बघ."

जनीने हसत हसत का होईना, कावळ्यांबरोबर टाकीकडेही लक्ष ठेवले. कातळाने आपले काम केले. एक हात वाळला की दुसरा, दुसरा वाळला की तिसरा. टाकी काळी होत गेली. आधी कोळशासारखी, मग ओल्या पाटीसारखी, मग विहिरीतल्या पाण्यासारखी. प्रत्येक हातानंतर भागोजी बाटलीतल्या पेट्रोलची चिंधी एका कोपऱ्यावर घाशी आणि चिंधी उजेडात धरी. चिंधी स्वच्छ निघे. सावित्री लांबून त्याच्या खांद्यांकडे पाही आणि तिला कळे.

शेवटी पट्टा. शेटने पट्टा मागितला नव्हता, शेटने काहीच मागितले नव्हते. पण पट्ट्याशिवाय काम सोडायचे भागोजीच्या जिवावर आले. गोल टाकीवर दोरी बसेना, म्हणून त्याने माडाच्या पातीची कड सोलून टाकीवर वळवून धरली आणि तिच्या कडेने सुजल्या डोळ्यांच्या फटींतून बघत, श्वास धरून, कुंचला ओढला. जनीनेही त्या वेळी कावळ्यांना आवाज दिला नाही. पट्टा पिवळा होता, त्याचा रंग पेट्रोलने गेला असता. म्हणून त्याने त्याच्यावर काजूच्या तेलाचा एक पातळ, काजळी न घातलेला हात दिला. त्या तपकिरी तेलाखालून पिवळा पट्टा सोन्यासारखा दिसू लागला. हे त्याने ठरवले नव्हते. तो बराच वेळ नुसता बघत बसला.

आणि त्याच दुपारी आभाळ आले.

पाऊस पडला नाही, पण ऊन गेले. हवा कोंदटली, कातळ निवला. दुसऱ्या दिवशीही तेच. भागोजीने टाकीच्या तळाला, दिसणार नाही अशा जागी बोट टेकवले. बोट चिकटले, सुटताना चट् असा आवाज आला. बाजूला एक माशी पाय अडकून धडपडत होती. शेवटचा हात कच्चा राहिला होता. पेट्रोलचा एक थेंब पडला असता तर तो हात गेला असता आणि त्याच्यामागून पट्टा गेला असता. पुन्हा बंदरावर, पुन्हा सगळ्यांच्या देखत.

आगबोट त्याच्या पुढच्या दिवशी दुपारची होती.

"बोचकं बांध," संध्याकाळी टाकी घरी आणून तो सावित्रीला म्हणाला. "धोतरं दोन घाल. कुंचले राहू देत."

सावित्रीने बोचके बांधले. कुंचल्यांचे नळकांडे तिने न विचारता आत घातले.

सकाळीही आभाळ तसेच. काशीराम मात्र खुशीत होता. मुंबईला उतरताना माणूस व्यवस्थित दिसला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. त्याने सदरा ओटीवर घोंगडीवर पसरला, पितळी तांब्यात चुलीतले निखारे भरले आणि तांब्याचे गरम बूड सदऱ्यावरून फिरवू लागला. त्या दिवसांत घरोघर इस्त्री अशीच होई. कॉलर सरळ झाली, बाहीची चुणी गेली.

भागोजी खांबाला टेकून बसला होता. तांब्या पुढे जात होता, मागे येत होता. आत निखारे, बाहेर सदरा. आत ऊब, बाहेर...

"काशीराम, थांब!"

"काय झालं? जळला?" काशीरामने घाबरून तांब्या उचलला.

"आतनं! ऊब आतनं द्यायची!" भागोजी उभा राहिला. "ऊन नसलं म्हणून काय झालं?"

"टाकीत निखारे घालताय काय भावजी? पेट्रोलच्या?"

"निखारे नको रे बाबा. पाणी! कढत पाणी!"

मग त्या घरात जी धावपळ झाली ती लग्नघरातही होत नाही. सावित्रीने आंघोळीचा हंडा चुलीवर चढवला आणि खाली सुक्या झावळ्या कोंबल्या. पाणी उकळले की टाकीत ओतायचे, निवू लागले की काढायचे, पुन्हा ओतायचे. टाकीला हात लावता येत नव्हता, म्हणून भागोजीने तिच्या बोल्टांच्या भोकांतून काथ्याच्या दोऱ्या ओवून तिला तुळईला टांगले. काशीराम इस्त्रीचा सदरा तसाच टाकून उघड्या अंगाने कळश्या भरभरून आणू लागला. जनी आवाज ऐकून आली आणि तिचाही हंडा आला.

"अगो, बाळंतीण हाय काय ती? किती शेकताय?"

"बोलू नको, पाणी आण!"

"आणते गो. पण मुलगी झाली तर पेढे देणार ना?"

काशीरामच्या पायावर पाणी सांडले. तो एका पायावर नाचत म्हणाला, "मी ह्या माणसाला मुंबईला न्यायला आलो, आन् ह्यानं मलाच इथं हमाल केलान!"

"मग सोड ती कळशी," सावित्री म्हणाली.

काशीरामने बहिणीकडे पाहिले. धुराने आणि आणखी कशाने तिचे डोळे लाल झाले होते. तो कळशी घेऊन विहिरीकडे वळला.

टाकीवरून आधी उग्र वास येत होता. तो हळूहळू कमी झाला, मग नाहीसाच झाला. भागोजीने तळाला बोट टेकवले. बोट चटकले, पण चिकटले नाही. त्याने पुन्हा टेकवले. नखाने हलकेच ओढून पाहिले. चिंधी घासून बघायला बाटली उचलली, तर बाटलीतले पेट्रोल उडून गेलेले. एवढ्यात खाडीच्या तोंडाकडून आगबोटीचा भोंगा वाजला.

आता जे काय बघायचे ते बंदरावर.

भागोजी एका काखेत टाकी आणि दुसऱ्या हातात बोचके घेऊन निघाला. मागे चुरगळलेला सदरा घातलेला काशीराम, त्याच्यामागे सावित्री, आणि कुणी बोलावले नसताना जनी. बंदरावर गर्दी होती. आगबोट लांब खोल पाण्यात उभी होती आणि होड्या उतारू घेऊन तिच्याकडे जात होत्या. गंगारामशेट बैलगाडीच्या साटीला टेकून उभे होते. भागोजीला पाहताच त्यांनी आधी धोतर आवरून घेतले.

"हे तोंडाला काय झालं तुझ्या?"

"काजूचं तेल लागून उतलं, शेट."

"आणि हे काय? मी नुसता पत्रा सांगितला होता."

"व्हय. पण आधी पेट्रोल वतून बघा. गेलं तर पत्राच राहील खाली."

शेटने टाकी फिरवून पाहिली. पट्ट्याजवळ त्यांचे बोट थांबले. मग ते वाकले आणि त्यांनी दीर्घ वास घेतला. "मोरी नाय ना यात?"

"नाय, शेट."

"बाळा, डबा आण."

टाकी एका उलट्या टोपलीवर ठेवली. शेट चार पावले मागे सरकले. शेवटच्या होडीचा तांडेल ओरडत होता, "मुंबैवाले, चला! भोंगा झाला!" काशीराम निम्मा होडीकडे, निम्मा इकडे असा उभा होता. बोचके भागोजीच्या हातातच होते.

बाळाने डबा तिरपा केला. या वेळी धार मुद्दाम बाहेर सोडली, थेट पट्ट्यावर.

पेट्रोल पट्ट्यावरून गेले, काळ्यावरून घसरले, कडेला थेंब होऊन थांबले आणि टोपलीतून वाळूत पडले. वाळूत पडलेल्या थेंबाला रंग नव्हता. भागोजी खाली बघत होता, त्याला तेवढेच दिसले. टाकीकडे बघायचा त्याला धीर झाला नाही.

"पूस," शेट म्हणाले. बाळाने फडक्याने पुसले. शेटने फडके पाहिले, मान हलवली. "तुझं फडकं आधीच काळं, यात काय कळतंय?" आणि मग त्या माणसाने, ज्याच्या धोतराची सगळ्या स्टँडवर शोभा झाली होती, स्वतःच्या पांढऱ्याशुभ्र धोतराचा सोगा धरला आणि टाकीवरून, पट्ट्यावरून, कोपऱ्याकोपऱ्यातून खसाखसा फिरवला. सोगा वर धरला.

सोगा पांढरा होता.

"लॉऱ्यांवर पण हाच पट्टा हवा," गंगारामशेट म्हणाले. "असाच. सोन्याचा दिसतो तसा. उद्यापासून ये. पाऊस लागायच्या आत एक तरी होऊ दे."

भागोजी तिथेच वाळूत बसला. श्वास कधीपासून धरून ठेवला होता कोण जाणे, तो एकदम सुटला, आणि सुजलेल्या तोंडावर हसू आले ते फार विचित्र दिसले. जनी म्हणाली, "बघ गो सावित्रे, भोपळा हसला!"

सावित्रीने काहीच ऐकले नाही. तिने पुढे होऊन नवऱ्याच्या हातातले बोचके काढून घेतले आणि वळून चालू लागली, भरभर, जणू कुणी ते मागून ओढून घेईल.

काशीराम होडीत चढला. होडी निघाली तसा तो उभा राहून ओरडला, "भावजी, मुकादमाला काय सांगू?"

"सांग, तोंड सुजलंय!" भागोजी वाळूतून ओरडला.

"सावित्रीबाय कुठं गेली? बायला सांगा, सदरा चुरगळला तो तिच्यापायी!" त्याचा आवाज हसत होता. तांडेलाने त्याला खांदा धरून खाली बसवले.

भागोजीने सावित्रीला गावच्या वळणावर गाठले. ती बोचके चिऱ्यांच्या बुटक्या गडग्यावर ठेवून बोचक्याशेजारीच टेकली होती. खालून आगबोटीचा निघायचा भोंगा ऐकू आला, लांबलचक, मग बंद झाला. ती तो संपेपर्यंत ऐकत राहिली.

"चल, घरी चुलीवर हंडा तसाच हाय," भागोजी म्हणाला.

"असू दे. जरा बसा," ती म्हणाली, आणि आपल्या काळ्या बोटांनी तिने बोचक्याची गाठ तिथेच सोडली.